त्रेचाळीस घरांचा ऑपरेटर

धरणाच्या कार्यालयात सगळे त्याला ऑपरेटर म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव तेवढं पगारपत्रकावर उरलं होतं. दोन्ही डोळ्यांनी ठार आंधळा, वय चोपन्न, आणि त्यातली सव्वीस वर्षं एकाच खोलीत एकाच खुर्चीवर कानाला रिसीव्हर लावून काढलेली. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणे, "घरात दोघांपैकी एकाला तरी दिसायला पाहिजे, आणि जिला दिसतं ती मला कशाला पसंत करील?" असं म्हणून आधी स्वतःच हसून घेई. समोरच्याची पंचाईत वाचे.

बाहेरून आलेले फोन जोडून देणं हे त्याचं कागदावरचं काम. खरं काम निराळं होतं. धरणाच्या खाली, नदीच्या वळणापलीकडे एक वस्ती होती. धरणावर भोंगा होता, पण मधल्या टेकडीमुळे त्याचा आवाज तिथवर पोचत नसे. म्हणून दरवाजे उघडायचे ठरले की आदेशाचा कागद आधी ऑपरेटरच्या खोलीत येई. जावक विभागातल्या बाई खिडकीतून तो मोठ्याने वाचून दाखवत, आणि ऑपरेटर वस्तीतल्या त्रेचाळीस घरांना एकेक करून फोन लावी. सगळे नंबर तोंडपाठ. कोण दुपारी झोपतं, कुणाला कमी ऐकू येतं, कुणाला दोनदा सांगितल्याशिवाय पटत नाही, हेही पाठ. "पाणी सोडतायत, दोन वाजता. काठावर जाऊ नका. काय सांगितलं मी? परत म्हणा." समोरच्याकडून वदवून घेतल्याशिवाय तो फोन ठेवत नसे. लोक वैतागत, पण सव्वीस वर्षांत वस्तीतलं कोंबडीचं पिल्लूसुद्धा वाहून गेलं नव्हतं.

पहिला फोन ताईला. ताई त्याची थोरली बहीण. डोळ्यांचा आजार घराण्यातलाच, तो ताईला अठराव्या वर्षी भेटला आणि ह्याला बाविसाव्या. ताईचं घर वस्तीच्या टोकाला, आणि परसदारातून उतरत गेलं की नदीच्या काठाला तिचा भाजीचा तुकडा. दारापासून तुकड्यापर्यंत तिने दोरी बांधली होती. ती धरून रोज दुपारी खाली जायची, टोमॅटो-मिरच्या हाताने चाचपून तोडायची, पाणी घालायची आणि दोरी धरून वर यायची. जाण्यापूर्वी बारा वाजता भावाला फोन ठरलेला. "बाळ्या, जाऊ का रे?" चोपन्न वर्षांच्या माणसाला बाळ्या म्हणणारी जगात ती एकटीच. तो म्हणे, "जा." मग ती जाई.

ह्या सगळ्यात बदल झाला तो वेबसाइटमुळे. वरून पत्र आलं की कार्यालयाची वेबसाइट अशी पाहिजे, की आंधळ्या-बहिऱ्यांनाही वापरता आली पाहिजे, आणि सूचना एकाच ठिकाणी, तिथेच द्याव्यात. जुन्या वेबसाइटकडे आठ वर्षांत कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. नवी बांधायची तर आधी ती चालवायची सिस्टीम निवडायला हवी. म्हणजे ज्याच्यातून कार्यालयातल्या माणसांनी मजकूर भरायचा, चित्रं टाकायची, पानं लावायची ते यंत्र. तीन कंपन्यांनी आपापल्या सिस्टीम चाचणीसाठी दिल्या. आता तपासणार कोण? साहेबांना एकदम ऑपरेटर आठवला. आपल्याकडे हक्काचा आंधळा असताना बाहेरचा तज्ज्ञ कशाला? असं ते बोलले नाहीत, पण खोलीतल्या सगळ्यांना ते ऐकू आलं.

साहेब त्याला म्हणाले, "ऑपरेटर, तुम्ही सांगाल ती सिस्टीम घेऊ. तुमचा शब्द अखेरचा."

सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे शब्द इकडून तिकडे पोचवणाऱ्या माणसाला कुणी असं म्हटलं तर त्याचं काय होणार? तो घरी जाऊन ताईला फोनवर म्हणाला, "आंधळा मागतो एक डोळा नि देव देतो दोन, ते हेच गं." ताई म्हणाली, "दोन दिलेत तर एक इकडे पाठव."

त्याला संगणक विभागात टेबल मिळालं, कानाला हेडफोन मिळाला. संगणकावरचं सगळं वाचून दाखवणारा एक आवाज असतो. ऑपरेटरला त्याची सवय होतीच, आणि त्याच्या एकसुरी रटाळ वाचनामुळे त्याने त्याचं नाव मास्तर ठेवलं होतं. मास्तर सांगेल ते जग. मास्तर जे वाचत नाही ते नाहीच, हा आंधळ्यांच्या संगणकाचा कायदा. हे वाक्य ऑपरेटरनेच आपल्या अहवालात पहिल्या पानावर लिहिलं होतं, आणि ते लिहिल्याचा त्याला अभिमानही होता.

पहिली सिस्टीम दिसायला म्हणे फार देखणी. माउसशिवाय तिच्यात एकदा शिरलं की बाहेर पडायला वाट नव्हती. ऑपरेटरने दोन तास त्यात चकरा मारल्या आणि शेवटी संगणकाची वायरच उपटली. दुसरी बरी होती, पण वाचाळ. पानावरची प्रत्येक नक्षी, प्रत्येक रेघ मास्तर वाचायचा. "चित्र, शोभेची किनार, डावी. चित्र, शोभेची किनार, उजवी." कामाच्या एका ओळीमागे सात किनारी. ऐकून ऐकून ऑपरेटरचं डोकं उठलं. तिसरी मात्र त्याला आवडली. तिच्यात चित्र टाकलं की सिस्टीम अडून बसे: चित्रात काय आहे ते शब्दांत लिहा, नाहीतर पुढे जाऊ देणार नाही. खाली एक चौकट होती, 'हे चित्र केवळ सजावटीचे आहे.' तिच्यावर खूण केली की वर्णन लिहावं लागत नसे, आणि मास्तर ते चित्र गाळून पुढे जाई. कंपनीच्या माणसाने विचारलं, "ही चौकट ठेवायची की काढायची? काही कार्यालयं काढायला सांगतात." ऑपरेटरच्या कानात अजून त्या किनारी वाजत होत्या. तो म्हणाला, "ठेवा, ठेवा. तीच तर खरी सोय आहे."

पंधरा दिवस त्याने डोळ्यांत तेल घालून चाचणी घेतली. हा विनोदही त्याचाच. जावकच्या बाईंनी रोज एक खोटी सूचना टाकायची, त्याने ऐकायची. "चाचणी सूचना. उद्या दुपारी तीन वाजता दरवाजे उघडण्यात येतील." मास्तरने घडाघडा वाचलं. ज्या दिवशी सूचना नसे, त्या दिवशी मास्तर 'आजच्या सूचना' हे शीर्षक वाचून लगेच 'मागील सूचना' ह्या शीर्षकावर जाई. मधे काही नाही म्हणजे आज काही नाही. सगळं कसं स्वच्छ. त्याने अकरा पानांचा अहवाल दिला, शेवटी 'तपासून योग्य आढळले' लिहून सही केली. साहेबांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली.

त्याच आठवड्यात फोनची खोली बंद झाली. सूचना एकाच ठिकाणी म्हणजे एकाच ठिकाणी. लोकांच्या मोबाइलवर आपोआप निरोप जाण्याची सोय दुसऱ्या टप्प्यात होणार होती. दुसरा टप्पा कधी, हे कुणी विचारलं नाही.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी ऑपरेटरला माहीत नव्हती आणि बाकी सगळ्यांना इतकी माहीत होती की ती सांगण्यासारखी आहे हेच कुणाच्या ध्यानात आलं नाही. ह्या कार्यालयात सही-शिक्क्याशिवाय सूचनेला सूचना म्हणत नसत. आदेश टाइप व्हायचा, छापला जायचा, साहेब निळ्या शाईने सही करायचे, गोल शिक्का बसायचा आणि मग तो कागद. चाचणीच्या खोट्या सूचनांवर सही कोण करणार? म्हणून त्या बाईंनी सरळ सिस्टीममध्ये टाइप केल्या. खरी सूचना आली तेव्हा बाईंनी कागदाचा फोटो काढला आणि तो टाकला. सिस्टीम अडली: वर्णन लिहा. बाईंच्या टेबलावर चाळीस फायली, साहेबांची घंटा दोनदा वाजलेली. वर्णन कसलं लिहायचं, कागदावर सगळं लिहिलेलंच तर आहे! त्यांना खालची चौकट दिसली. खूण केली, पान लागलं, बाई पुढच्या फायलीकडे वळल्या. त्या दिवसापासून तीच रीत पडली. बाई वाईट नव्हत्या, आळशीही नव्हत्या. आदेश खिडकीतून वाचून दाखवताना त्या एक शब्द गाळत नसत. पण ऑपरेटरने कागद कधी पाहिला नव्हता, आणि त्याच्या मनात सूचना म्हणजे बाईंचा आवाज होता.

पहिल्या महिन्यात एकदा चहाच्या वेळी कुणीसं म्हणालं, "काल पंपदुरुस्तीमुळे आमच्याकडे दुपारभर पाणी नव्हतं. वेबसाइटवर होतं म्हणा." ऑपरेटरचा कप तोंडाशी थांबला. काल त्याने दोनदा पान ऐकलं होतं. काही नव्हतं. चहा टाकून तो टेबलाशी गेला, पुन्हा ऐकलं. आजच्या सूचना. मागील सूचना. त्याखालीही नुसती तारीख आणि पुढे काही नाही. कुठेतरी पाणी मुरतंय, असं त्याच्या मनात आलंच. तो भिंतीला हात लावत जावक विभागाच्या खिडकीपर्यंत गेला.

बाईंनी त्याला पाहून आधीच विचारलं, "काय ऑपरेटर, सिस्टीम काय म्हणते? खूश ना मास्तर तुमचा?"

मागे साहेबही उभे होते, त्यांच्या बुटांचा आवाज त्याला ओळखीचा होता. साहेब म्हणाले, "खूश असणारच. त्यांचीच निवड आहे."

तेव्हा विचारायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. ऑपरेटर म्हणाला, "एकदम खूश." आणि भिंतीला हात लावत परत आला. उशिरा टाकली असेल, लगेच काढली असेल, आपलंच ऐकण्यात चुकलं असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. आयुष्यात एकदा अखेरचा शब्द मिळाला होता. तो महिन्याभरात परत घ्यायची त्याची छाती झाली नाही. मला त्याचा राग येतो, आणि त्याच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं ह्याचाही येतो.

इकडे वस्तीत फोन येणं थांबलं तसे लोक थोडे भांबावले. ज्यांच्या घरी शिकती मुलं होती ते मोबाइलवर वेबसाइट उघडून बघू लागले, त्यांना फोटो दिसे, त्यांचं भागे. बाकीच्यांनी सोपा मार्ग काढला. ताईचा भाऊ तिथेच बसलेला, मग ताईलाच विचारा. बारा वाजले की दोन-चार जण ताईच्या कुंपणाशी येऊन उभे राहत. ताई फोन लावी, ऐके आणि जाहीर करी, "आज काही नाही." शेजारचा सुतार रोजचाच. त्याची लाकडं नदीकाठच्या डोहात भिजत टाकलेली असत, ती उलटीपालटी करायला तो दुपारी उतरे. त्याच्या खिशात चांगला मोबाइल होता. "डोळे फोडून वाचत कोण बसतं ताई, तुम्ही आहात ना," असं आंधळ्या बाईला तो बिनदिक्कत म्हणे, आणि ताई खो खो हसे.

तो दिवस उन्हाचा होता. वस्तीवर ढगाचा ठिपका नव्हता. वर डोंगरात मात्र दोन दिवस कोसळत होता आणि धरण काठोकाठ आलेलं. आदेशाचा कागद दहा वाजता निघाला: दुपारी दोन वाजता चार दरवाजे उघडण्यात येतील. सही झाली, शिक्का बसला. दहा वाजून दहा मिनिटांनी फोटो वेबसाइटवर लागला, चौकटीत खूण होऊन. वस्तीतल्या ज्यांनी मोबाइल पाहिला त्यांनी मुलांना घरात बोलावलं.

अकरा चाळीसला ऑपरेटरने पान उघडलं. आजच्या सूचना. मागील सूचना. त्याने सवयीप्रमाणे दुसऱ्यांदा ऐकलं. तेच. कॉरिडॉरमध्ये जरा धावपळ होती, कुणीतरी जीपची चावी मागत होतं. धावपळ काय, कार्यालयात रोजचीच.

बाराला फोन आला. "बाळ्या, जाऊ का रे?"

"जा. काही नाही आज."

"नक्की ना? हवा कशी जड वाटतेय मला. चिमण्याही गप्प आहेत."

"ताई, मी दोनदा ऐकलंय. माझी सिस्टीम आहे ती. बिनधास्त जा."

माझी सिस्टीम, असं तो म्हणाला. ताईने कुंपणाशी उभ्या असलेल्या सुताराला सांगितलं, "बाळ्या म्हणतो, बिनधास्त जा." मग ती घरातलं आवरून, दोरी धरून खाली उतरली. सुतार तिच्या पुढे निघून गेला होता.

पाणी आलं तेव्हा ताई मिरच्यांच्या वाफ्यात बसली होती. आधी पायाखालची माती थरथरली, मग गार वारा आला आणि मग एक आवाज, जो तिने त्या काठावर कधी ऐकला नव्हता. कधी ऐकला नव्हता कारण दर वेळी ती त्या वेळी घरात असे. तिने दोरी धरली. पाणी घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं, कमरेला आलं. हात सोलवटले तरी तिने दोरी सोडली नाही आणि सरपटत वर आली. डोहाच्या बाजूने सुताराची एकच हाक तिला ऐकू आली. तो "ताई" म्हणून ओरडला. आपल्याला सावध करायला ओरडला की मदतीला बोलावलं, हे तिला अजूनही कळलेलं नाही. सुतार दुसऱ्या दिवशी सहा मैलांवर सापडला.

चौकशी झाली. लांबली नाही. साहेबांसमोर कागद होते आणि कागद सगळे साहेबांच्या बाजूचे होते. सूचना वेळेवर निघाली, वेळेवर लागली. तिच्यावर सही आहे, शिक्का आहे. साहेब आवाज न चढवता म्हणाले, "ऑपरेटर, तुमच्या संगणकावरून अकरा चाळीसला पान उघडल्याची नोंद आहे. दोनदा. म्हणजे तुम्ही सूचना पाहिली होती."

"मी पाहत नाही साहेब. मी ऐकतो."

"सिस्टीम ऐकण्यायोग्य आहे, असं तुम्हीच लिहून दिलंय. अकरा पानं आहेत इथे."

जावकच्या बाई रडत होत्या. "मला काय माहीत हो, ऑपरेटर? चौकट होती म्हणून मी खूण केली. ती राहू द्या, असं तुम्हीच म्हणाला होतात ना? मी रोज तेच करत होते. तुम्ही खूश आहात म्हणालात, म्हणून मी करत राहिले."

तेव्हा कुठे त्याला कळलं की चौकट म्हणजे काय, कागद म्हणजे काय, आणि महिनाभर मास्तर कशावरून गुपचूप पुढे जात होता. त्याने टेबलाच्या कडेवर बोटं ठेवली आणि ती तिथेच राहू दिली. कारवाई कुणावरच झाली नाही. कार्यालयाने एक परिपत्रक काढलं की यापुढे चित्रांचे वर्णन लिहिण्याची दक्षता घ्यावी. त्यावरही सही-शिक्का होता, आणि त्याचाही फोटो वेबसाइटवर लागला.

ताईने त्याला एका शब्दाने दोष दिला नाही. तिने आठ दिवस फोनच केला नाही, एवढंच. त्याने लावला तर उचलला जाई आणि "बरी आहे" म्हणून ठेवला जाई.

नवव्या दिवशी बारा वाजता तिचा फोन आला. ऑपरेटर हेडफोन लावून टेबलाशी बसला होता. त्याने पहिल्याच घंटेला उचलला.

"बाळ्या," ताई म्हणाली. "सुताराची बायको आलीय इथे. त्याच्या अवजारांची पेटी डोहापाशी गाळात अडकलेली दिसतेय म्हणे. तिला खाली जाऊन काढायचीय. विचारतेय, आज पाणी सोडणार आहेत का."

"थांब," तो म्हणाला आणि पान उघडलं. आजच्या सूचना. मागील सूचना. पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं. दोन शीर्षकांच्या मधली ती इवलीशी जागा होती, तिच्यात काहीच नव्हतं किंवा चार दरवाजे होते. बाईंना विचारायला तो उठला, तर त्या जेवायला गेलेल्या. साहेबांची खोली बंद. कॉरिडॉरमध्ये कुणी चालत होतं, तो ओरडला, "जरा बघता का हो इथे?" पावलं थांबली नाहीत.

फोन चालूच होता. दोघी वाट बघत होत्या, त्यांचा श्वास त्याला ऐकू येत होता.

तो म्हणाला, "ताई, मला माहीत नाही."

पलीकडे फोन हातातून हातात गेल्यासारखा खरखरला. मग एक बाई बोलली, जिचा आवाज त्याने सव्वीस वर्षं 'परत म्हणा' सांगून ऐकला होता. ती चिडली नव्हती, रडतही नव्हती.

"त्या दिवशी एवढंच म्हणायचं होतंत, भाऊ."